मागच्या बाजूला, पेन्सिलीने

क्लीथॉर्प्सचा समुद्र ओहोटीला इतका लांब जातो
की वाटतं, आज काही परत यायचा नाही.
अशा रविवारी मी बाजारात जाते,
नॉर्मन प्लॅस्किटच्या टेबलाशी उकिडवी बसते,
बुटांच्या खोक्यात कोपरापर्यंत हात घालून.
पन्नास पेन्सला एक फोटो, तीन घेतले तर पाउंड.
लेस्टरहून येणारी मेथीची जुडी याहून महाग.

घरी चहा, चष्मा, पेन्सिल.
फोटो पालथा घालायचा आणि मागे लिहायचं,
मराठीत,
कारण मेलेल्यांनाही वाईट वाटतं
आणि मराठी त्यांना येत नाही.

बोकड, डोक्यावर खलाशाची टोपी:
‘नोकरी पसंत आहे. गणवेश शिंगांना काचतो.’

एक दुधी, म्हणजे इथला मॅरो,
पाच पुरुषांनी खांद्यावर घेतलेला,
पाचही चेहरे गंभीर, पुढच्याचा तर पाणावलेला:
‘मयताचं नाव कळलं नाही. भाजी तेराव्यापर्यंत पुरेल.’

बाबागाडीत कुत्रा, बाळ खाली गवतावर:
‘थोरल्याचा मान.’

कुठल्याशा कॅटलॉगचं फाटकं पान,
समोर बाई दिसताच टोपी आपोआप उचलणारं यंत्र,
स्प्रिंगा, दोऱ्या, कानामागे दातेरी चाक:
‘हात मोकळे झाले. त्यांनी पुढे काय केलं
ते चित्रात दाखवलेलं नाही.’

मुकुंद म्हणतो, आपल्या लग्नाचे फोटो
अजून स्टुडिओच्या पाकिटात आहेत
आणि तू परक्यांचे चिकटवत बसतेस.
खरं आहे.
पण आमच्या लग्नात सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत.
मला तो लागतो, ज्याला ऐन वेळी शिंक आली.

आणि हा.
समुद्राच्या कठड्याला टेकलेला,
कडक कॉलर, कोटाला गुलाब,
एक हात खिशात. नुसता नाही,
आतून खिसा घट्ट धरून ठेवलेला.
‘उसने घेतलेत. परत मिळायचे नाहीत.
पण मागायला गेलात तर जेवून याल.’
माझा लाडका. पर्समध्येच असायचा.

मार्चमध्ये नॉर्मनला तो दाखवत होते
तर निळ्या रेनकोटातली एक बाई थबकली.
‘अहो, हे आमचे आजोबा.’
ग्लेनिस नाव तिचं, इमिंगहॅमची.
तिनं फोटो हातात घेतला, उलटा केला.
‘आणि हे काय लिहिलंय? नाव का?’

हो, नाव आणि साल.
अगदी ओठांवर आलं होतं.
पण चौतीस वर्षं औषधांच्या दुकानात
लेबलावर जे आहे तेच वाचून दाखवलंय मी.
वाचून दाखवलं.

ती बघत राहिली.
नॉर्मन उगीचच थर्मासचं झाकण लावू लागला, लावलेलंच.
मग ती हसली, अशी हसली
की टेबलाचा आधार घ्यावा लागला,
दोन चहाचे कप पडले, एकाचा कान गेला.
अकरा पाउंड, म्हणाली, आजीच्या भावाचे,
मरेपर्यंत.
तो दर गुरुवारी यायचा मागायला
आणि दोनदा वाढून घेऊन जायचा.

फोटो तिचाच, त्यात बोलायचं काय.
पैसे काढू लागली.
म्हटलं, राहू द्या, आजोबांच्या खात्यावर मांडा.
जाताना विचारलं तिनं, पेन्सिल पुसली जाईल का?
बोट फिरवलंत तर जाईल, मी म्हटलं,
तशी तिनं तो कडांनी धरला,
ओल्या फोटोसारखा.

वहीत आता चार कोपरे आहेत, मधे काही नाही.
रात्री मुकुंदनं न बोलता
आमचं पाकीट आणून पुढ्यात ठेवलं.
तिसऱ्या फोटोत, मांडवाच्या अगदी कडेला,
अर्धा कापला गेलेला एक माणूस
जिलबी कोटाच्या खिशात घालतोय.
तुमच्याकडचा?
छे, तुमच्याकडचा.
आम्ही दोघंही नाही ओळखत त्याला.

पेन्सिल कुठे ठेवली मी?