दोन ठोके

टेबलावर रबराची पट्टी, तिच्यावर पाच रंगीत चौकोन.
शब्दाच्या प्रत्येक तुकड्याला एक चौकोन, फिलिपा सांगते.
अख्खा गिळू नका, मिस्टर मॅकफेल,
चावून चावून बोला.
बाबा डाव्या हाताचं बोट टेकवतात.
उजवा मांडीवर पडलेला, कुणाचा तरी विसरलेला हातमोजा.

फेब्रुवारीपासून त्यांच्याकडे अकरा शब्द उरलेत.
त्यातल्या तीन शिव्या. त्या मात्र अस्खलित.

ॲ-पल. दोन चौकोन. शाब्बास.
चॉ-को-लेट.
तीन, म्हणते फिलिपाची यादी.
कोपऱ्यातून आई, विणकामातून मान वर न काढता:
"दोन. चॉक-लेट.
ग्रीनॉकमध्ये सव्वीस वर्षं विकलंय मी ते."
फिलिपा काहीतरी खोडते, मग खोडलेलं पुन्हा लिहिते.

'फायर'वर दहा मिनिटं गेली.
फिलिपाचा एक, आईचे दोन,
आणि चहा घेऊन आलेल्या सेनाबाईचा दीड.
दीड कसा?
"शेवटी नुसती धग राहते ना," ती म्हणाली,
आणि कप ठेवून पुढच्या वॉर्डात गेली.

मग रिळाचं चित्र.
बंदराजवळच्या थिएटरात बाबांनी एकतीस वर्षं
प्रोजेक्टर चालवला.
चित्र दिसताच ओठ हलले.
पहिल्या चौकोनावर: फि.
दुसऱ्यावर: लम.
फिलिपा सरेची, आवाजाने मऊ.
"फिल्म. एकच आहे, मिस्टर मॅकफेल."
फि. लम.
"एकच."
फि. लम. आणि पाठोपाठ त्या तिनांपैकी एक,
एका चौकोनात नेमका बसणारा.

तेव्हा ती माझ्याकडे वळली.
तुम्ही इथल्याच ना? तुम्ही काय म्हणता?

मला लंडनला जाऊन बावीस वर्षं झाली.
पहिल्या ऑफिसात माझ्या तोंडून हाच शब्द ऐकून
कुणीतरी हसलं होतं, प्रेमानेच,
पुन्हा म्हण ना, म्हणालं.
मी पुन्हा म्हटला नाही.
त्या रात्री आरशासमोर बसून
ल आणि म यांच्यामधली फट लिंपत राहिले,
जोडाक्षर होईपर्यंत.
असे आणखी किती लिंपले, आता सांगता येत नाही.
वाळलं की सगळी भिंतच वाटते.

फिल्म, म्हटलं मी.
माझं बोट माझ्याच गुडघ्यावर एकदाच पडलं.
फिलिपाने खूण केली.
आईच्या सुया थांबल्या.
बाबा माझ्याकडे बघत राहिले,
रीळ तुटल्यावर पांढऱ्या पडद्याकडे बघावं तसे,
शिट्ट्या सुरू व्हायच्या आधीचे ते दोन सेकंद.

मग त्यांनी पट्टी स्वतःकडे ओढली.
समोर चित्र नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.
पहिल्या चौकोनावर बोट: पे.
खूप वेळ.
रेडिएटर टकटकत होता, तो कुणी मोजला नाही.
दुसऱ्यावर: रल.

पर्ल म्हणतात मला. बँकेत, ऑफिसात, नवऱ्याच्या तोंडी.
एका ठोक्यात संपते मी तिथे.

"बारावा शब्द," फिलिपा वहीत लिहीत म्हणाली,
आणि पुढच्या रकान्यात आकडा लिहिताना पेन्सिल अडली.
"दोन," आई म्हणाली. "नाव मी ठेवलंय तिचं."
फिलिपाने दोन लिहिले.
शेजारी बारीक एक, आणि प्रश्नचिन्ह.
नोकरी आहे तिची, मी दोष देत नाही.

पार्किंगमध्ये, किल्ली फिरवण्याआधी,
मी स्टिअरिंगवर बोट आपटून पाहिलं.
पे. मग रल.
दुसरा ठोका पडतो, पण उशिरा,
पाहुण्यांसमोर ढकललेल्या मुलासारखा.

शेजारच्या सीटवर आई चॉकलेटचा कागद सोडत होती.
अर्धं तुला, अर्धं मला, म्हणून मोडायला गेली
तर तीन तुकडे झाले.
तिने तिन्हींकडे पाहिलं.
"त्या सरेवालीला सांगू नकोस," म्हणाली,
आणि तिसरा तोंडात टाकला.