नवा नंबर

किसुमूच्या शाळेत, तळ्याकडच्या खिडकीपाशी
अपोंडीबाई म्हणाल्या, आज तुम्हीच मला फसवा.
चिठ्ठ्या आल्या. लॉटरी, फुकट फोन,
‘चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत करा.’
वर्ग खिदळला. असल्याला कोण भुलतं?

मग ओमोलोची चिठ्ठी:
‘आई, हा माझा नवा नंबर.
घाईत आहे. फोन नको करूस. फक्त पाठव.’

बाईंनी ती दोनदा वाचली.
खडू खाली ठेवला.
चार हजार शिलिंग, म्हणाल्या. गेल्या जूनमध्ये. मी.

कोणी हसलं नाही.
ओमोलो, कोळ्याचा पोर, बाकाकडे बघत पुटपुटला,
मासा मूर्ख नसतो, बाई,
भुकेला असतो.

घंटा झाली तेव्हा फळ्यावर एवढंच होतं:
आधी जुन्या नंबरवर फोन.