काना

कालिनाच्या फाटकासमोर, झेरॉक्स आणि स्पायरलच्या मधल्या
साडेचार फुटांत मी बसतो.
तेहेतीस वर्षं लोकांचे प्रबंध टाइप करतोय.
समाजशास्त्र, अर्थशास्त्र,
एकदा तर कोळंबीच्या रोगांवर चारशे पानं.
मी वाचत नाही, बोटं वाचतात.
आडनाव, स्वल्पविराम, नाव, कंसात साल,
पुस्तक तिरप्या अक्षरात, मग गाव, मग प्रकाशन.
संदर्भसूची त्यांना पाढ्यांसारखी पाठ आहे.

परवा अस्मिता निरभवणे पेनड्राइव्ह घेऊन आली.
विषय मुंबईतली मिठागरं. समास लावून द्या म्हणाली,
बाइंडिंग शनिवारी हवं.
पान सत्तेचाळीसवर माउसवरचं बोट थांबलं:

वडाळ्याच्या आगारात बायका
पहाटेपासून अनवाणी मीठ ओढत.

आगारात.
आगारात बसगाड्या असतात, बाई.
मीठ असतं आगरात.
एक काना जास्तीचा,
आणि तो काना मी ओळखतो,
चोरीला गेलेला आपलाच तांब्या
जुन्या बाजारात बुडाच्या पोच्यावरून ओळखावा
तसा.

साल चौऱ्याण्णव. रेमिंग्टन.
सुलभा चुरी नावाची एक मुलगी होती, अक्षर बारीक, निळी शाई.
तिनं आगरातच लिहिलं होतं.
मी तेव्हा वडाळ्याला डेपोसमोर राहायचो,
बोटं सवयीनं डेपोत गेली.
तिनं तपासलं नाही, गाइडनं नाही,
नागपूरहून आलेल्या परीक्षकांनीही नाही.
काना लाल कापडी बांधणीत शिरून
ग्रंथालयात जाऊन बसला,
आणि आता इतक्या वर्षांनी
ना अवतरणचिन्ह, ना तळटीप,
असा एकटाच माझ्याकडे परत आला.

हे वाक्य तुझं? मी विचारलं.
हो. म्हणजे, वाचून लिहिलंय.
काना पण वाचून?
तिला कळेना. मग सांगितलं.
ती गप्प झाली, मग हसली, मग स्टुलावर बसलीच.
काका, शब्द बदलणार होते मी, राहून गेलं.
शब्द बदलून काय होणार, पोरी?
कल्हई लावली म्हणून तांब्या तुझा होत नाही.

मग लावली दोन अवतरणचिन्हं. वर बारका अंक, सतरा.
खाली चुरी, सुलभा. अप्रकाशित प्रबंध. पृष्ठ बासष्ट.
आगारात तसंच ठेवलं.
तिच्या मॅडमचा नियम,
दुसऱ्याची चूकही परस्पर सुधारायची नाही,
शेजारी चौकटी कंसात लिहायचं: मूळ पाठ असाच.
तीन शब्द. तेहेतीस वर्षांत
एवढंच काय ते माझ्याबद्दल छापलं जाणार.

तिथं थांबलो असतो तर बरं होतं.
पण बासष्ट म्हटल्यावर ते पान आठवलं.
टाइपरायटरवर तळटीपेची जागा आधी मोजून सोडावी लागे,
आणि त्या पानावर मी एक ओळ कमी सोडली होती.
सुलभाच्या कागदावर सगळं होतं,
कुणी सांगितलं, कुठे बसून, किती तारखेला.
पाच वाजता खिडकी बंद होणार होती.
अख्खं पान पुन्हा कोण मारणार?
मी टाइप केलं: एक वृद्ध कामगार स्त्री.
ओळीत बसलं.

नाव काय होतं तिचं, अस्मिता विचारते.
ठमाबाई.
आडनाव?
पंख्याकडे बघतो. गुटख्याच्या जाहिरातीकडे बघतो.
बोटांनाही आठवत नाही.

मग ती स्वतःच कीबोर्ड ओढून घेते
आणि दोन बोटांनी, हळूहळू, नवीन तळटीप लिहिते:
माहिती देणारी स्त्री ठमाबाई, आडनाव उपलब्ध नाही,
टंकलेखकाच्या आठवणीनुसार,
प्रत्यक्ष संभाषण, कालिना, तारीख आजची.

आता तुमचं सांगा काका, म्हणते. आडनाव आधी.
आणि काना-मात्रा
नीट सांगा.