साडेसहाचं भोक

शेवटची फेरी सव्वानऊला.
बोटीची साखळी लावून, दिवे मालवून
मी गुनवोरच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतो.
"आधी हात धू," ती म्हणते,
"डिझेलनं तांबं काळवंडतं."

खिडकीपलीकडे बाल्टिक गोठायला लागलाय.
टेबलावर तारेचं भेंडोळं :
बेटावरची जुनी टेलिफोनची केबल उपटली तेव्हा
तिच्या नवऱ्यानं, बर्तिलनं, हातगाडीवर घालून आणलेलं.
तीस वर्षं तो तिच्याच खांबांवर चढत होता.
कागदाचं वेष्टण सोललं की आतून निघते
केसाहून थोडी जाड, लालसर.
"चांदी नंतर. चुका तांब्यावर करून घे."

पाच पाकळ्यांचं फूल वळायचं,
पेन्सिलीएवढ्या काठीच्या टोकावर
टोपीसारखं बसवायचं.
मग तार घ्यायची हातभर, जास्त नाही,
हाव केलीस तर गुंता.
पाकळीत शिरायचं, स्वतःलाच ओलांडून बाहेर यायचं.
पुढची पाकळी. पुढची.
दुसऱ्या ओळीपासून मात्र
वरच्या टाक्याच्या मानेमागून.
"मानेमागून म्हटलं मी,
पोटातून नाही!"

मला दोर कळतो.
दोर कितीही वेळा सोडा, बांधा, तो मनात ठेवत नाही.
तार ठेवते.
एकदा वाकवली की तिथे ताठरते,
परत वाकवली की कुरकुरते,
तिसऱ्यांदा सरळ तुटून हातात येते.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही,
हिचं उलटंच :
गॅसवर लाल करून पाण्यात बुडवली
की सगळा ताठा सोडून
लोण्यासारखी होते.
पण विणण्याआधी. विणताना जाळता येत नाही.

तूवा मार्चमध्ये अठराची होईल.
नॉरशॉपिंगला असते, आईकडे.
तिच्या मनगटाचं माप मला फोनवर विचारावं लागलं.
"कशाला?"
"असंच."
थोडं थांबून, "साडेपंधरा सेंटिमीटर."

तिसऱ्या आठवड्यात एक टाका सुटला.
मला दिसलाही नव्हता.
गुनवोरचा अंगठा वीण चाचपत गेला आणि थांबला.
"उसवू?"
"सहा ओळी मागे गेलास तर तार मरेल.
पुढे चल."

जंतर म्हणजे ओकची एक फळी, भोकं पाडलेली :
नऊ, आठ, सात, साडेसहा.
साडेसहाचं ड्रिल बर्तिलला मिळालं नाही,
म्हणून ते त्यानं तापलेल्या सळईनं जाळून पाडलं,
किंचित तिरकं.
काठीवरून सोडवलेली वीण
एकेका भोकातून ओढायची.
बारीक होते आणि वाढते,
बारीक होते आणि वाढते.
"हिसका नको. सरळ ओढ."
तुटेपर्यंत ताणू नये, हे सगळेच सांगतात.
इथे तुटण्याच्या दोन बोटं अलीकडे थांबायचं असतं
आणि ती दोन बोटं
कोणाला दाखवता येत नाहीत.

फळी धरलेला तिचा हात माझ्यासमोर होता.
त्यावरचं कडं मी दोन महिने बघतोय,
आज पहिल्यांदा दिसलं :
तिच्याही विणीत एक घर मोकळं.
"हे कधीचं?"
तिनं बघितलंसुद्धा नाही.
"केबल काढली त्या हिवाळ्यातलं.
फोन वाजल्यासारखा वाटला. उठले."
"मग?"
"मग काय. तो कसा वाजेल?
ओढ तू."

साडेसहातून बाहेर आली तेव्हा
माझा सुटलेला टाका नेमका वरच्या अंगाला आला होता,
डोळ्यासारखा उघडा.
लपवायची काहीतरी युक्ती असेल,
मी विचारली नाही.

आकडा अजून बसवायचाय.
पाच-चाळीसला पहिली फेरी.
निघण्याआधी मी ती स्वतःच्या मनगटाला गुंडाळून पाहिली.
पुरली नाही.
पुरायला नकोच होती.