पेटी पुढे गेली

पुंता अरेनासच्या विमानतळावर
मी वजनकाट्यामागे उभा असतो.
विमान एकोणीस जणांचं. माणशी दहा किलो.
अकरावा किलो बोटीने जातो,
तीस तास, खाड्याखाड्यांतून, पुएर्तो विल्यम्सला.

लोक भांडतात. सामान काय परकं आहे का, म्हणतात.
मी म्हणतो, बाई, विमानाला फक्त किलो कळतात.
आणि खरं सांगायचं तर सोय चांगली आहे :
बॅग दोन दिवस आधी द्या,
हात हलवत चढा, हात हलवत उतरा.
अडचण एवढीच, की दोन दिवस आधी
ठरवावं लागतं, कशावाचून आपलं चालेल.
ओस्वाल्दो बारीआने एकदा चष्माच पाठवून दिला
आणि मग मला विचारलं, दार कुठलं?

मार्चमध्ये दातांची डॉक्टर आली, लुदोविना मान्सिया.
वर्षातून एकदा जाते ती बेटावर.
पेटी सत्तावीस किलोंची : चिमटे, पकडी,
ते गुरगुरणारं यंत्र.
"माझ्याआधी जाऊ दे हिला," म्हणाली. गेली.
मग वारा सुटला.

चार दिवस विमान दोरखंडांनी जमिनीला बांधलेलं.
डॉक्टर रोज सकाळी यायची, काट्याशेजारच्या बाकावर बसायची,
अंगात तोच करडा स्वेटर,
मांडीवर दोन्ही हात, पालथे,
दुसऱ्या कुणाचे सांभाळायला घेतल्यासारखे.

तिकडे पेटी पोचली होती.
धक्क्यावरच्या शेडमध्ये, बटाट्यांच्या पोत्यांना टेकून.
गालाला रुमाल बांधलेली माणसं तिला बघून गेली.
शाळेतली एक पोरगी,
तीन आठवडे दाढ ठणकत होती तिची,
दुपारभर पेटीवर बसून राहिली
आणि म्हणे तिला जरा बरं वाटलं.
हे मला बोटीवरच्या तोरिबियोने सांगितलं.
तो सांगतो त्यातलं निम्मं मी वजा करतो.
हे नाही केलं.

पाचव्या दिवशी वारा पडला.
छोट्या विमानात माणसंही तोलतो आम्ही.
डॉक्टर काट्यावर चढली. एकसष्ट, पर्ससकट.
"एवढीच?"
काटा शून्यावर आणून पुन्हा तोललं.
एवढीच.

परतीलाही पेटीच आधी आली.
पावती सत्तावीसची, भरली एकतीस.
नियमाप्रमाणे उघडावी लागली.
पकडींच्या खणात, वर्तमानपत्रात गुंडाळलेले
खेकड्याचे लांबच लांब पाय,
धुरावलेला मासा, लोकरी मोज्यांचे तीन जोड,
त्यातला एक अर्धवट विणलेला, सुयांसकट.

चार किलोंचे जादा पैसे कुणाच्या नावे लिहावेत
ते कुठल्याच रकान्यात बसेना.
बाहेर वारा पुन्हा वाढला होता,
मालकीण अजून पलीकडेच.
मी पेटी बंद केली
आणि उत्तरेच्या भिंतीवरच्या हीटरपासून लांब,
खिडकीखाली, गार फरशीवर
सरकवून ठेवली.