नात्याचा रकाना

डिसेंबर. अधिवेशन चालू, बेळगावातले लॉज सगळे फुल.
शेवटी खडेबाजारात जिन्याखालची एक खोली मिळाली.
मॅनेजरनं वही पुढं सरकवली: नाव, गाव, नातं.
इराण्णानं कन्नडात काहीतरी लिहिलं.
मला ती लिपी येत नाही,
हे त्याला माहीत आहे.
मॅनेजरनं वाचलं, एकदा माझ्याकडं बघितलं,
किल्ली दिली.

दोनच दिवस सुट्टी.
कॅम्पात कागदी चांदण्या लागलेल्या,
थंडीनं कान लाल, मफलर एकच, आळीपाळीनं.
"भाऊ-भाऊ व्हय?" बेकरीवाला म्हणाला.
मी मान हलवली,
दोन्हीकडं अर्थ लागेल अशी.
आईसाठी घेतलेला कुंदा
किल्ल्याच्या खंदकाकाठी बसून आम्हीच संपवला.
रात्री रस्त्यानं कुणी घोषणा देत गेलं,
कुठल्या भाषेत,
ते पांघरुणात कळलं नाही.

निघताना वही तिथंच होती, उघडी.
विचारता आलं असतं.

तो हुबळीच्या गाडीत, मी चंदगडच्या.
शिनोळीच्या अलीकडं
दव धरलेल्या काचेवर बोटानं
ती अक्षरं काढून पाहिली.
पहिलं जमलं: वाटोळं, वर तुरा असलेलं.
पुढचं काढेपर्यंत
कंडक्टर आला, सुट्टे मागत.