वाचलं, असं बटण

रविवारी आवेनिदा आर्खेन्तिनाच्या बाजारात
चादर अंथरून बसतो दोन ओलेगार्यो.
सायकलची पेडलं, नळाच्या तोट्या, एकच रोलर-स्केट,
आणि त्यांच्या गर्दीत काळं खोकं,
बंद पडलेल्या नोटरीच्या कचेरीतलं.
चालतं का?
"नोटरीचं आहे, यास्नीता. खोटं कसं बोलेल?"
बारा हजार पेसो म्हणाला, नऊला दिलं,
वर एक केबल कोंबली पिशवीत,
भाजीवाली कोथिंबीर देते तशी.

एकशे बेचाळीस पायऱ्या टेकडीवर.
घरी येऊन उघडलं:
धूळ, टाचणी, वाळलेला कोळी
आणि कुणाच्या तरी वाटणीपत्राचा कपटा,
त्यावर फक्त "उभयपक्षी" एवढंच वाचता येणारं.

बंदराची हवा इथे बिजागऱ्यासुद्धा खाते.
मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात काळवंडले होते,
घासले खोडरबराने
(अमारोच्या कंपासपेटीतलं, न विचारता).
पंखा कुरकुरत होता; शिलाई मशीनचं तेल, एक थेंब.
डिस्क दोन.
एक दुकानाच्या कॅमेऱ्याच्या पेटीतली,
वर्षानुवर्षं रात्रभर बंद शटर पाहून शिणलेली.
दुसरी नवी, ओरियानाने हप्त्यांवर घेतलेली.
पत्र्याला टेकल्या की खोकं घुमायचं,
म्हणून पायजम्याचं इलॅस्टिक ताणून
अधांतरी टांगल्या दोघी.

बहिणीला आणि फेर्मिनला समजावलं:
आरसा आहे हा. एकीवर लिहाल ते दुसरीवर उमटेल.
एक मेली तरी दुसरी सगळं सांगेल.
फेर्मिन म्हणाला, "म्हणजे पैसे दुप्पट, जागा निम्मी."
हिशेब बरोबर आहे तुझा, म्हटलं.

मग भरत गेलं ते.
अमारोचे पडलेले दात, गॅसची बिलं,
फेर्मिनच्या टॅक्सीचे कागद,
आणि अकरा मिनिटांचं एक चित्रण,
चुकून खिशात चालू राहिलेलं:
पडद्यावर नुसता अंधार, कापडाची खसफस,
आणि दोघं कशावर तरी हसतायत.
कशावर, ते दोघांनाही आठवत नाही.
कुणी पुसलंही नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात फेर्मिन किल्पुएला राहायला गेला.
फ्रिज हिचा, गाडी त्याची,
कुत्रा आठवड्याआड.
खोक्यापाशी मात्र अडलं.
मला बोलावलं. मी पेचकस घेऊन गेले.
इलॅस्टिक कापलं नाही, गाठ सोडवली.
जुनी डिस्क त्याने मागून घेतली,
लोकरीच्या टोपीत गुंडाळली.
"यात अर्धं आहे ना?"
नाही, सगळं.
"आणि तिच्यात?"
सगळं.
तो दारातल्या पायरीवर बसला,
जणू कुणी हिशेबात फसवलं होतं
आणि कुठे ते सापडत नव्हतं.

त्या रात्री ओरियानाचा फोन.
"टूं टूं करतंय गं. झोपू देत नाही."
काय लिहिलंय?
"एक सोबती दिसत नाही. काम चालू आहे."
दर तासाला, म्हणाली, तेच वाक्य,
पहिल्यांदाच सांगावं तसं.
खाली बटण असेल, "वाचलं" असं. ते दाब.
"मग गप्प बसेल?"
उद्यापर्यंत.
बराच वेळ फोन तसाच राहिला.
पंखा ऐकू येत होता. माझा तेलाचा थेंब
अजून टिकून होता.

परवा पुन्हा बाजारात गेले.
धुक्यात खालून जहाजाचा भोंगा.
चादरीवर या खेपेला एका दवाखान्याच्या डिस्क,
नावांच्या चिठ्ठ्या खरवडलेल्या.
ओलेगार्योने विचारलं, "एक की दोन?"
मी उकिडवी बसून राहिले.
तिच्यापुरती एक,
की त्याच्याही एकटीला एक.
आणि द्यावी तर कोणत्या नात्याने.
म्हातारा थांबला नाही,
केबल आधीच पिशवीत टाकली होती त्याने.